आमचे बाबा गेले, चाळीसवा जवळ आलाय. जावं का, काय न्यावं, आणि शुक्रिया कसा अदा करायचा?

रुईचा_पेळू

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतं वाचतेय इथे, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचे बाबा गेले. म्हणजे माझे वडील नव्हे, वडील मी अकरावीत असतानाच गेले. बाबा म्हणजे आमच्या जुन्या गल्लीच्या टोकाला गाद्या भरून द्यायचं दुकान होतं ते. चिश्ती सिलसिल्यातले, म्हणजे सुफी परंपरेतले, त्यांच्या पीरसाहेबांनी, म्हणजे गुरूंनी, त्यांना पुढे शिकवायची इजाजत दिलेली, पण दुकानावर पाटी फक्त "गादी, उशी, लोड भरून मिळतील" एवढीच. ज्याला माहीत त्याला माहीत. गुरुवारी संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढून आत आठ-दहा जण बसायचे, त्यात आम्ही तिघी-चौघी बायका, निम्मे हिंदू, कोणी कोणाला काही विचारायचं नाही.

मी पहिल्यांदा गेले ते वडिलांची गादी घेऊन. ते गेल्यावर आईला त्या गादीवर झोपवेना, टाकवेनाही. वडिलांच्या अंगाचा खळगा पडला होता तिच्यात, उजव्या कुशीचा. बाबांनी गादी जमिनीवर पसरली, त्या खळग्यावरून तळहात फिरवला आणि विचारलं, "किसकी है?" मी सांगितलं. मग त्यांनी दुसरं काम बाजूला ठेवलं, मशीन बंद केलं आणि ती जुनी कमान काढली, धनुष्यासारखी असते ती, आणि संध्याकाळपर्यंत तो कापूस हाताने पिंजला. दुसऱ्या कोणाचा एक पेळूसुद्धा त्यात मिसळू दिला नाही. मी म्हटलं नवा कापूस घाला ना थोडा, तर म्हणाले, "रुई दबती है बेटी, मरती नै." दाभणाने टाके घालून झाल्यावर गादी माझ्या डोक्यावर न देता स्वतः घरापर्यंत आणून टाकली आणि मला म्हणाले, अब तू सो इसपे. त्यानंतर एकोणीस वर्षं मी गुरुवार चुकवला असेल तर बाळंतपणातच.

शिकवलं काय, तर खरंच सांगायला बसले की हाताला काही लागत नाही. पंधरा मिनिटं गप्प बस, श्वास बघ, तेरे घर का जो नाम है वही ले. मी विठ्ठलाचं घ्यायचे. माझ्या लग्नानंतर बाबा वर्षातून दोन-तीनदा माझ्या सासरी यायचे, चहा बिनसाखरेचाच मागायचे, बशीत ओतून, फुंकर न घालता निवेपर्यंत थांबायचे, सासूबाईंना डायबेटीस आहे, त्यांच्याशी गप्पा मारत बसायचे.

गेले तेव्हा मी ट्रेनिंगला नाशिकला होते. फोन आला दुपारी, पोचले रात्री अकराला, तोवर मिट्टी झालेली, म्हणजे दफन. आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. म्हणजे मी चेहराही बघितला नाही आणि जागाही नाही. आज तेहतीस दिवस झाले. घरी सासूबाईंनी विचारलं, आपल्याला सुतक नाही ना गं? वाईट हेतूने नाही विचारलं, त्यांनाही रडू येत होतं, पण मला वाटलं सुतक तरी असतं तर बरं झालं असतं, निदान दहा दिवस कोणी काही विचारलं नसतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. कोण गेलं म्हणून विचारलं तर काय सांगू? ओळखीचे गादीवाले?

तर प्रश्न असे की चाळीसव्याला मी जाऊ का, आणि काय न्यायचं असतं. एकांनी सांगितलं की रडलं की जाणाऱ्याला त्रास होतो, हे खरं आहे का. गुरुवारवाल्यांत दोन तट पडलेत, काही म्हणतात पक्की मजार बांधून उर्स सुरू करू, मुलगा म्हणतो अब्बांना कच्चीच कबर हवी होती, मी कोणाच्या बाजूने बोलू. आणि सगळ्यात मोठं म्हणजे एकोणीस वर्षांत मी त्यांना एकदाही थँक्यू म्हटलेलं नाही, म्हणायची वेळच आली नाही, आता ते कुठे नेऊन ठेवू? जीभ अजून "बाबा म्हणतात" असंच म्हणते, "म्हणायचे" वर येतच नाही.

---

खुलताबादकर

ताई, आधी इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. वाचून खूप वेळ फोन हातात धरून बसलो.

चाळीसव्याला जा, बिनधास्त जा. फातिहा म्हणजे दुआ होते, कुरआनखानी म्हणजे कुरआनचं वाचन होतं, मग जेवण. तिसऱ्या दिवशी जियारत, मग दहावा, मग चाळीसवा, वर्षाने बरसी, असं आपल्या भागात बहुतेक घरांत करतात. सगळे मुसलमान हे मानतात असं नाही हे पण माहीत असू द्या, काही घरांत हे दिवस धरतच नाहीत, तेव्हा आधी मुलाला एक फोन करून "कधी आणि कसं करताय" एवढं विचारा म्हणजे तुम्हालाही अवघड होणार नाही आणि त्यांनाही. नेण्याचं म्हणाल तर फळं न्या, खजूर न्या, नाहीतर त्या दिवशीच्या जेवणाला तांदूळ-तेल काही हातभार लावा. त्यांच्या नावाने कोणा गरिबाला जेवू घातलंत तर त्याचा सवाब, म्हणजे पुण्य, त्यांना पोचतो असं आम्ही मानतो, त्यासाठी तिथे हजर असायलाच पाहिजे असंही नाही.

एक गोष्ट जी बाहेरच्यांच्या लक्षात राहत नाही. बाबांच्या घरवाल्या असतील तर त्या इद्दतीत असतील, चार महिने दहा दिवस. त्या घराबाहेर पडणार नाहीत, नटणार नाहीत, परक्या पुरुषांसमोर येणार नाहीत. गुरुवारी येणारे सगळे पुरुष बाहेरच्या खोलीत बसून दुआ करून जात असतील आणि त्या आत एकट्या. तुम्ही बाई आहात, तुम्ही सरळ आत जाऊ शकता. चाळीसव्यापर्यंत थांबू नका, उद्याच जा. गजरा-बांगड्या नेऊ नका फक्त.

रडण्याचं. छाती पिटून आरडाओरडा करू नये असं आहे, डोळ्यांतून पाणी येण्याला कोण अडवणार? पैगंबरसाहेबांचा मुलगा इब्राहिम लहानपणी गेला तेव्हा ते स्वतः रडले होते, कोणीतरी विचारलंही की आपण सुद्धा? तर ते म्हणाले ही रहमत आहे. हदीसमध्ये आहे हे. ज्यांनी तुम्हाला सांगितलं त्यांना हे सांगा.

आणि ते "म्हणतात-म्हणायचे" वाचून आमच्याकडचा एक किस्सा आठवला, खुलताबादेत लहानपणापासून ऐकतोय. जर जरी जर बख्श म्हणून आमच्याकडे मोठा दर्गा आहे, हजरत मुंतजिबुद्दीन, १३०९ ला इथे गेले. त्यांचे धाकटे भाऊ बुऱ्हानुद्दीन गरीब तेव्हा दिल्लीला निजामुद्दीन औलियांच्या सेवेत. निजामुद्दीनांनी त्यांना बोलता बोलता विचारलं म्हणे, तुझा भाऊ तुझ्यापेक्षा मोठा होता ना? त्या एका "होता"वरून बुऱ्हानुद्दीनांना कळलं की भाऊ गेला. मग तेच पुढे दख्खनेत आले आणि इथेच १३३७ ला गेले, दोघा भावांचे दर्गे जवळजवळच आहेत. तर ताई, "होता" म्हणायला एवढ्या मोठ्या माणसालाही जपून शब्द शोधावा लागला. तुमची जीभ जेव्हा वळेल तेव्हा वळेल.

---

उमरेड_रोड

मी नागपूरचा. आमचं घर ताजाबादच्या, म्हणजे ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्याच्या जवळ, हिंदू घर, पण दर वर्षी उर्साला घरातलं कोणी ना कोणी जातंच. ताजुद्दीन बाबा कामठीचे, १८६१ चा जन्म, फौजेत होते, मग लोकांनी वेडा ठरवला, १८९२ ला पागलखान्यात टाकलं, तिथे सोळा वर्षं. आणि लोक तिथेच दर्शनाला जायला लागले, वेड्यांच्या इस्पितळात. १९०८ ला रघुजीराजे भोसल्यांनी त्यांना बाहेर काढून शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणलं, आणि तिथेच १७ ऑगस्ट १९२५ ला त्यांनी देह ठेवला. राजाने सांभाळलं त्यांना शेवटपर्यंत. थँक्यू म्हणायची ही पण एक तऱ्हा आहे ना, ताई.

माझी पणजी त्या दिवशी तिथे होती. बारा-तेरा वर्षांची असेल. घरात कधीही विचारलं तर ती एवढंच सांगे की खूप गर्दी होती, माझी चप्पल हरवली, बाबूजींनी मला खांद्यावर घेतलं. बस्स. आम्हाला वाटायचं म्हातारीला आठवत नाही. ती गेल्यावर आजीने सांगितलं की तिने त्यानंतर आयुष्यभर ताजाबादला जाताना चप्पल घातली नाही, घरून अनवाणी निघायची. आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं, आणि तिला नीट बसून विचारायचं राहूनच गेलं. तुमच्याजवळ एकोणीस वर्षं आहेत, एवढंच म्हणतो. जास्त लिहिता येत नाही मला.

---

साधा_माणूस

मजारीबद्दल स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मुलगा म्हणतोय कच्ची कबर तर कच्ची. वारस तो आहे. आमच्या गावाकडे एका भल्या माणसाच्या मागे असंच प्रेमापोटी बांधकाम झालं, मग गल्ल्याची पेटी आली, मग पेटीची किल्ली कोणाकडे यावरून केस झाली, आज तिथे चादर चढवायला दोन गट वेगवेगळ्या दिवशी येतात. सुरुवात केलेली माणसं वाईट नव्हती, मनापासून प्रेम होतं त्यांचं. तुम्ही मुलाच्या बाजूने उभ्या राहा, आणि शांतपणे राहा. ज्यांना मजार हवी आहे त्यांनाही खरंतर गुरुवारी बसायला जागाच हवी असेल. ते दुकान चालू राहतंय का बघा आधी.

---

मेहरौलीची_मराठी

ताई, मी मूळची सोलापूरची, बावीस वर्षं दिल्लीत आहे. तुमची पोस्ट सकाळी मेट्रोत वाचली आणि दिवसभर डोक्यात तीच. मला तुमच्या एकाच वाक्याबद्दल लिहायचंय, चेहरा बघितला नाही, त्याबद्दल.

तुमचे बाबा चिश्ती होते म्हणालात. मग त्यांच्याच घराण्याची गोष्ट ऐका. मी राहते तिथून चालत जाण्याच्या अंतरावर ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकींचा दर्गा आहे. ते १२३५ ला गेले. त्यांचे सगळ्यात लाडके शिष्य बाबा फरीद त्या वेळी जवळ नव्हते, हांसीला होते, आताच्या हरियाणात. धावत आले, पण दफन होऊन गेलेलं. गुरूंनी त्यांच्यासाठी ठेवलेला खिरका, म्हणजे सुफींचा झगा, आणि काठी हातात मिळाली, गुरू नाही. मग तीस वर्षांनी, १२६५ ला, बाबा फरीद अजोधनला अखेरचे पडले होते, म्हणजे आताच्या पाकिस्तानातलं पाकपट्टण, आणि त्यांचे लाडके निजामुद्दीन दिल्लीत. कोणीतरी निजामुद्दीनांचं नाव काढलं तर बाबा फरीद म्हणाले, हो, तो दिल्लीत आहे, मीही माझ्या शेखच्या अखेरीला जवळ नव्हतो, हांसीला होतो. हे निजामुद्दीन औलियांनी स्वतः नंतर बैठकीत सांगितलंय आणि सांगताना ते रडले असं लिहून ठेवलंय. आणि मग १३२५ च्या एप्रिलमध्ये निजामुद्दीन गेले तेव्हा त्यांचे लाडके शिष्य, कवी अमीर खुसरो कुठे होते? बंगालमध्ये, सुलतान गयासुद्दीन तुघलकाच्या स्वारीबरोबर.

तीन पिढ्या ताई. ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव होता तोच प्रत्येक वेळी दूर. तुम्ही नाशिकला होतात. मला तर वाटतं तुम्ही अगदी ओळीत बसता.

दुःख करावं की नाही हे विचारलंत. निजामुद्दीनांचा एक भाचा होता, तकीउद्दीन नूह, तरुणपणीच गेला. सांगतात की ते इतके खचले की हसणं सोडलं, लोकांत येणं सोडलं. खुसरोंनी बघितलं की वसंत पंचमीला बाया पिवळं नेसून मोहरीची फुलं घेऊन देवळाकडे चालल्यात, तसंच त्यांनी स्वतः पिवळं नेसलं, फुलं घेतली आणि गात गुरूंसमोर गेले, तेव्हा कुठे ते हसले. आजही निजामुद्दीनच्या दर्ग्यात दर वर्षी बसंत होते, मी जाते, पिवळी ओढणी घेऊन. म्हणजे औलिया सुद्धा महिनोन्महिने शोकात बसले होते आणि त्यांच्या शिष्याने त्यांना "रडू नका" असं सांगितलं नाही, तो फुलं घेऊन गेला.

आता थँक्यूचं. खुसरो परत आले, कबर बघितली आणि सहा महिन्यांत स्वतःही गेले. त्याच अंगणात आहेत, आधी त्यांच्याकडे फूल वाहून मग निजामुद्दीनांकडे जायची पद्धत आहे. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, कव्वाल्यांत असते. पण खुसरोंचा एक मित्र होता, अमीर हसन सिज्जी, तोही कवी, त्याच गुरूंचा शिष्य. त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. त्याने १३०८ पासून गुरूंच्या बैठकीत जे ऐकलं ते घरी येऊन लिहून ठेवायला सुरुवात केली आणि चौदा-पंधरा वर्षं लिहीत राहिला. फवाइद-उल-फुआद म्हणतात त्याला. अमुक दिवशी पाया पडलो, अमुक माणूस आला होता, तमुक विषय निघाला, अशी साधी सुरुवात असते प्रत्येक बैठकीची. एकदा त्याने घाबरत घाबरत गुरूंना दाखवलं, त्यांनी वाचलं, छान म्हणाले, आणि जिथे हसनने ऐकू न आल्यामुळे जागा कोरी सोडली होती तिथले शब्द सांगून ती भरली. मी वर बाबा फरीद-हांसीची गोष्ट सांगितली ना, ती आपल्यापर्यंत आली ती या माणसाच्या वहीमुळे.

आणि हा हसन गुरू गेल्यावर दहा-एक वर्षं जगला, मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी हलवली तेव्हा दौलताबादला आला आणि खुलताबादेत आहे त्याची कबर. छत्रपती संभाजीनगरपासून पाऊण तासावर! मी मागच्या दिवाळीत मुद्दाम गेले होते, कोणी नव्हतं, वारा होता नुसता. पुढे बुऱ्हानुद्दीन गरीबांचं बोलणंही काशानी भावांनी असंच दौलताबाद-खुलताबादेत लिहून ठेवलं. म्हणजे तुमच्या भागाचं हे जुनंच काम आहे.

दोनशे पानी वही आणा. पहिल्या पानावर वडिलांची गादी लिहा, तुम्ही इथे लिहिलीत तशीच. मोठं काही बोलले तेच लिहायचं असं नाही. कापूस, दाभण, कोणाची उशी, कोणाशी काय बोलले. जिथे आठवत नाही तिथे जागा कोरी सोडा.

---

पैठणचा_वारकरी

वरच्या ताईंनी दौलताबाद म्हटलं म्हणून राहवलं नाही. आमच्या नाथांचे गुरू जनार्दन स्वामी देवगिरीच्या किल्ल्यावरच होते, आणि परंपरेत जनार्दन स्वामींचे गुरू म्हणून चांद बोधल्यांचं नाव घेतात, कादरी सुफी, त्यांचं ठिकाण दौलताबादेतच. श्रीगोंद्याचे शेख महंमद त्यांचेच शिष्य. जनार्दन स्वामी गेले ती तिथी फाल्गुन वद्य षष्ठी, आणि नाथांनी १५९९ ला गोदावरीत देह ठेवायला तीच तिथी धरली. आम्ही नाथषष्ठीला पैठणला जातो ती दोघांचीही पुण्यतिथी आहे. तुम्ही विठ्ठलाचं नाव घेत त्या दुकानात बसलात ना, ते आपल्याकडचंच आहे, कोणाला समजावत बसू नका. ऑफिसात विचारलं तर सांगा, माझे गुरू गेले. तीन शब्द आहेत फक्त.

---

रुईचा_पेळू

सगळ्यांना एकत्रच लिहितेय, वेगवेगळं लिहायला गेले तर होणार नाही.

खुलताबादकर दादा, तुम्ही "उद्याच जा" म्हणालात म्हणून गेले. तुम्ही म्हणालात तसंच होतं, बाहेर माणसं आणि आतल्या खोलीत अम्मी एकट्या, पांढरा दुपट्टा, भिंतीला टेकून. मी काही बोलायच्या आधी त्यांनीच मला जवळ ओढलं. किती वेळ रडलो माहीत नाही. मुलाने मधून मधून दोनदा डोकावलं आणि परत गेला. दुकान तो चालू ठेवणार आहे, गुरुवारी शटर अर्धं खाली तसंच राहील म्हणाला, बसायचं असेल त्याने बसावं, बोलणारं कोणी नसेल. मजारीचं मी फक्त एवढंच बोलले की अब्बांनी जे सांगितलं ते तुम्ही ऐकलंय, आम्ही नाही. दुसऱ्या तटातले एक काका तिथेच होते, ते काही बोलले नाहीत पण उठून जाताना मुलाच्या खांद्यावर हात ठेवून गेले. ऑफिसातही सांगितलं, गुरू गेले म्हणून. शेजारच्या टेबलवाल्या मॅडमनी नुसतं माझ्याकडचं फाइलींचं काम उचलून स्वतःकडे घेतलं.

दिल्लीच्या ताई, हांसीचं वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि त्या रात्री तेहतीस दिवसांत पहिल्यांदा पहाटेपर्यंत झोप लागली, त्याच गादीवर. वही आणली. अकरा पानं झालीत. पहिल्यांदा खूप सुंदर सुंदर लिहायला गेले, ते सगळं फाडलं. आता तुम्ही म्हणालात तसं लिहितेय, तारीख आठवत नसेल तर पावसाळा होता की उन्हाळा एवढं. एका ठिकाणी त्यांनी हल्लाजचं सांगितलं होतं, मन्सूर हल्लाज, जुने सुफी, की हल्लाज म्हणजे पिंजारीच, हमारी बिरादरी का था, आणि त्यापुढे काहीतरी म्हणाले होते, लाइट गेली होती, मशीनचा आवाज थांबला होता आणि सगळे हसले होते, एवढंच आठवतं. तिथे चार ओळी कोऱ्या सोडल्यात.

काल परत गेले अम्मींकडे, वही घेऊन. त्यांना मराठी वाचता येत नाही म्हणून मी वाचून दाखवत होते, त्या डोळे मिटून ऐकत होत्या, मधेच "हां, ऐसाइच" म्हणायच्या. हल्लाजची कोरी जागा त्यांनाही भरता आली नाही, त्या दिवशी त्या दुकानात नव्हत्या. मग चहाचं पान आलं. बाबांना बिनसाखरेचा चहा आवडायचा, असं लिहिलं होतं मी. अम्मींनी डोळे उघडले. म्हणाल्या, ये गलत लिखी तू. घर में दो चम्मच लगती थी उनको, कम पडी तो कप वापस करते थे. तेरी सास को शक्कर मना है ना, उनके सामने कैसे पीते?

ते वाक्य खोडलं आहे. खाली अम्मींचं लिहून घेतलंय, त्यांच्याच शब्दांत. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, आज संध्याकाळी वाचून दाखवेन.